ढाक्याची बातमी लंडनमार्गे कशाला? सोलापुरात बसून थेट बातमी आणायची आणि द्यायची कशी

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा माझा मामा इथं मार्केट यार्डात होता, मोहोळकडनं दोन पिकअप माल घेऊन आलेला, आणि लिलाव सुरू व्हायच्या आधीच यार्डात कुजबुज की आज भाव बसणार. बसलाच. त्याच दोन-तीन दिवसांत तिकडं ढाक्यात कांदा किलोला २०० टका ओलांडून गेला. म्हणजे पिकवणारा इकडं रडतोय आणि खाणारा तिकडं, कारण एकच. आता मला यार्डातलं मामाच्या फोनवरून कळलं, पण ढाक्यातलं कळलं ते एका मोठ्या परदेशी न्यूज एजन्सीच्या, म्हणजे वृत्तसंस्थेच्या, तीन ओळींतून, तेही कुणीतरी मराठीत घाईघाईनं उतरवलेल्या. ढाक्याच्या पेपरांत मात्र कुठल्या बाजारात काय भाव, व्यापारी काय म्हणतात, सरकार दुसरीकडून कुठून मागवणार, सगळं पानभर होतं. फक्त आम्हीच ते बघत नव्हतो.

त्याच्या आधी २०१९ मध्येही असंच झालं होतं. २९ सप्टेंबरला निर्यातबंदी आली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, तेव्हा त्या भर सभेत हिंदीतून बोलल्या की मी स्वयंपाक्याला सांगितलंय कांदा वापरू नको, आणि पुढं हे की आम्हाला जरा आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. लोक पहिल्या वाक्यावर हसले, बातम्याही त्याच्याच झाल्या. माझ्या मते दुसरं वाक्य महत्त्वाचं. शेजाऱ्याला वेळेवर सांगणं आणि शेजाऱ्याचं त्याच्याच तोंडून ऐकणं, हे आपल्यासारख्या देशांमध्ये अजून नीट होत नाही.

आम्ही चौघं मिळून कांदा, डाळिंब आणि टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या लोकांसाठी आठवड्याला एक ऑडिओ बुलेटिन करतो, मराठीत, सात-आठ मिनिटांचं. ते कसं करतो ते खाली सांगतो, कुणाला आपल्या गावात करायचं असेल तर करा. मोठं ऑफिस लागत नाही, दोन फोन, एक लॅपटॉप आणि नियमितपणा लागतो.

आधी थोडं मागचं, कारण ते कळल्याशिवाय चुका त्याच होतात. १८७० मध्ये लंडनची रॉयटर, पॅरिसची हावास आणि बर्लिनची वोल्फ या तीन युरोपियन एजन्सींनी जग आपसात वाटून घेतलं, कुठली बातमी कोण गोळा करणार आणि कोण विकणार ते. ब्रिटिश साम्राज्य रॉयटरकडं, म्हणजे आपण पण त्यातच. आपल्या पीटीआयची, म्हणजे प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया या एजन्सीची, नोंदणी २७ ऑगस्ट १९४७ ला मद्रासमध्ये झाली आणि १९४९ मध्ये तिनं रॉयटरच्या ताब्यातल्या असोसिएटेड प्रेस ऑफ इंडियाचं काम हातात घेतलं. पण देशातली एजन्सी आपली झाली तरी घाना किंवा इंडोनेशियाची बातमी यायची ती जुन्याच वाटेनं. म्हणून १९७५ मध्ये युगोस्लाव्हियाच्या तान्युग या एजन्सीनं पुढाकार घेऊन अलिप्त देशांच्या, म्हणजे अमेरिका-रशिया कुणाच्याच गटात नसलेल्या देशांच्या, एजन्सींचा एक ‘न्यूज पूल’, म्हणजे बातम्यांचा सामायिक साठा, चालू केला, १९७६ मध्ये नवी दिल्लीच्या परिषदेत त्याला रीतसर रूप आलं. कल्पना साधी होती, प्रत्येक देशाच्या एजन्सीनं आपल्याला द्यायच्या त्या बातम्या पाठवायच्या, बाकीच्यांनी त्यातल्या हव्या त्या उचलायच्या, वर कुणी साहेब नाही. पुढं युनेस्कोनं नेमलेल्या मॅकब्राईड आयोगाचा अहवाल १९८० मध्ये आला, १६ सदस्यांमध्ये आपले पत्रकार बी. जी. व्हर्गीस होते आणि कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ पण, त्यातही हाच मुद्दा की बातमीचा ओघ एकाच बाजूनं वाहतोय.

मग तो पूल का थकला? पैसा कमी, तारा-टेलिप्रिंटर महाग, पुढं युगोस्लाव्हियाच फुटला, हे सगळं खरं. पण मला वाटतं खरी खोट मालात होती. सरकारी एजन्स्या पाठवायच्या काय, तर मंत्र्यांचं भाषण, उद्घाटन, शिष्टमंडळाची भेट. ते दुसऱ्या देशातल्या संपादकाला कशाला हवंय? शेवटी तो रॉयटरच उचलायचा, कारण त्यात निदान काय घडलं ते असायचं. २००६ मध्ये क्वालालंपूरहून मलेशियाच्या बर्नामा या एजन्सीनं इंटरनेटवर तसाच नवा प्रयत्न केला, नाम न्यूज नेटवर्क नावानं (नाम म्हणजे अलिप्त देशांची चळवळ). टीव्हीवाल्यांचं त्या मानानं बरं चाललं, आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन १९६४ ची, तिचं एशियाव्हिजन १९८४ पासून देशादेशांत रोज व्हिडिओ बातम्यांची देवाणघेवाण करतं, आणि ते टिकलं कारण तिथं दृश्य लागतं, नुसतं भाषण दाखवून भागत नाही. आणि मोठ्या संस्था सोडा, आपल्या आजी-आजोबांनी हे घरात अनुभवलंय, आकाशवाणीनं सिनेसंगीत बाजूला ठेवलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र रेडिओ सिलोन लावून बसायचा. तोही शेजारच्या देशाचाच रेडिओ की.

आता कामाचं.

पहिलं म्हणजे सगळं जग घेऊ नका. आम्ही पहिल्या महिन्यात बारा देशांच्या साइट उघडून बसायचो आणि तिसऱ्या आठवड्याला सगळे दमले. एक विषय धरा ज्यात आपल्या माणसाचा पैसा किंवा पोट अडकलंय, आणि त्या विषयाला लागून असलेले दोन-तीन देश. सोलापूरला कांद्यासाठी बांगलादेश आणि श्रीलंका, टॉवेलसाठी परत बांगलादेश आणि व्हिएतनाम, एवढं पुष्कळ आहे. तुम्ही रत्नागिरीत असाल तर मासळीचं बघा, नागपुरात असाल तर संत्र्याचं.

दुसरं, सोर्सची वही करा. खरंच वही, किंवा शेअर केलेली शीट, पण लिहून ठेवा. प्रत्येक देशाचे तीन थर लावायचे. एक सरकारी एजन्सी, बांगलादेशची बासस, नेपाळची राष्ट्रिय समाचार समिती, इंडोनेशियाची अंतारा, मलेशियाची बर्नामा, घानाची घाना न्यूज एजन्सी, जी स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी म्हणजे ५ मार्च १९५७ ला सुरू झाली. यांच्याकडं सरकारनं काय ठरवलं ते पक्कं मिळतं, लोकांना काय वाटलं ते सहसा नाही. दुसरा थर तिथले स्वतंत्र पेपर, बांगलादेशात ‘प्रथम आलो’ आणि ‘डेली स्टार’. तिसरा थर म्हणजे मूळ आकडा जिथं बनतो ती जागा, आणि हा थर लोक विसरतात. ढाक्यातला किरकोळ भाव बघायचा तर ट्रेडिंग कॉर्पोरेशन ऑफ बांगलादेश रोजचे दर टाकते, तिथंच बघा, पेपरात शोधत बसू नका. आपल्याकडचं पण तसंच, निर्यातीचा नियम डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, अधिसूचनेतच वाचायचा, फॉरवर्डमध्ये नाही.

फीड रीडर, म्हणजे सगळ्या साइटच्या नव्या बातम्या एका जागी दाखवणारं अ‍ॅप, लावा, म्हणजे साइट एकेक उघडावी लागत नाही. आणि घड्याळ ध्यानात ठेवा, ढाका आपल्या अर्धा तास पुढं, कोलंबो आपल्याच वेळेवर, नैरोबी अडीच तास मागं. ढाक्याच्या माणसाला रात्री साडेनऊला मेसेज केला तर तिकडं दहा वाजलेत.

भाषेचं घाबरू नका. फोनवर भाषांतर होतं, कामापुरतं कळतं. पण धंद्याचे शब्द मशीनला येत नाहीत, ते आपण शिकायचे आणि तिथंच खरा फायदा आहे. उदाहरण देतो. बांगलादेशात कांद्याला पेंयाज म्हणतात, ते ठीक. पण बातमीत मुडीकाटा पेंयाज आणि हाली पेंयाज असे दोन शब्द येतात आणि मशीन त्याचं काहीही करतं. मुडीकाटा म्हणजे छोटे कांदेच लावून घेतलेलं लवकरचं पीक, ते डिसेंबर-जानेवारीत बाजारात येतं, टिकत नाही. हाली म्हणजे रोप लावून घेतलेलं मुख्य पीक, मार्च-एप्रिलमध्ये निघतं. पाबना, फरीदपूर, राजबाडी हे त्यांचे कांद्याचे जिल्हे, जसं आपलं नाशिक-सोलापूर. आता सोलापूर यार्डात आवक कधी फुगते? डिसेंबर-जानेवारीतच. म्हणजे आपला माल आणि त्यांचा मुडीकाटा एकाच वेळी, आणि तिथला शेतकरी ओरडायला लागला की त्यांचं सरकार आयपी, म्हणजे आयातीचा परवाना, देणं बंद करतं. हे कळल्यावर मामा म्हणाला, अरे हे आम्हाला वीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. पाबनाच्या शेतकऱ्याचा पण त्यात राग येत नाही मग, तो पण आपल्यासारखाच भावासाठी भांडतोय.

श्रीलंकेच्या बातम्या इंग्रजीत भरपूर मिळतात, तिथं आपल्या कांद्याला बिग ओनियन म्हणतात, आणि आयात मालावरची लेव्ही, म्हणजे कर, सरकार अधूनमधून बदलतं, त्यावर लक्ष ठेवा.

खरं-खोटं तपासणं. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्ता बदलली तेव्हा आपल्याकडच्या ग्रुपांवर किती जुने, दुसरीकडचे व्हिडिओ नवे म्हणून फिरले ते सगळ्यांनी बघितलंय. शेजारच्या देशाबद्दल वाईट ऐकायला लोक तयारच असतात म्हणून इथं दुप्पट काळजी घ्यायची. व्हिडिओतली एखादी फ्रेम थांबवून गूगल लेन्सला टाका, जुना असेल तर बहुतेक वेळा सापडतो. दुकानाच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, गाड्यांच्या नंबरप्लेट कशा आहेत, रस्त्याच्या कुठल्या बाजूनं गाडी चाललीय, माणसांनी स्वेटर घातलाय का पाऊस पडतोय, हे बघा. आफ्रिकेतलं काही असेल तर आफ्रिका चेक ही संस्था २०१२ पासून हेच काम करते, आधी तिथं शोधा. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे तिथल्या माणसाला विचारणं, त्याच्यासाठी ओळख लागते, त्याबद्दल पुढं.

उचलायचं किती आणि कसं. घडलेली गोष्ट कुणाच्या मालकीची नसते, कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातच लिहिलंय की दिवसाच्या बातमीतल्या नुसत्या माहितीला कॉपीराइट नाही. पण ती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द, फोटो, आवाज हे मालकीचे. म्हणून बातमी वाचा, साइट बंद करा आणि आपल्या मराठीत आपण सांगा, आणि कुणाकडून कळलं त्याचं नाव बुलेटिनमध्ये मोठ्यानं घ्या. तसंच्या तसं घ्यायचंच असेल तर जिथं उघड परवानगी दिलीय तिथून घ्या. ब्राझीलची आजेन्सिया ब्राझील, ग्लोबल व्हॉइसेस, सायडेव्ह डॉट नेट ही मंडळी नाव देऊन पुन्हा छापायला देतात, आपली पारी ही ग्रामीण भारतावरची साइट पण, पत्रकार पी. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलेली, मराठीतही वाचायला मिळते, फक्त त्यांचा मजकूर न बदलता आणि धंद्यासाठी न वापरता घ्यायचा. प्रत्येकाची अट वेगळी असते, पानाच्या तळाशी वाचा.

बाकीच्यांना मेल करा. लोक घाबरतात पण छोट्या पेपरचे संपादक उत्तर देतात. साधं लिहायचं, आम्ही सोलापूरचे, कांदा आणि कापडाच्या धंद्यातल्या साधारण एवढ्या लोकांना मराठीत ऐकवतो (आकडा खरा लिहा, चारशे असतील तर चारशेच), तुमच्या बाजारभावाच्या बातम्या सारांश करून तुमच्या नावानं ऐकवू का, आणि बदल्यात आमच्या यार्डातला भाव आणि आवक दर शनिवारी इंग्रजीत पाच ओळींत पाठवू. ही शेवटची ओळ सोडू नका. नुसतं मागणाऱ्याला कोण किती दिवस देईल?

आता द्यायचं काय, आणि हे मला सगळ्यात जवळचं. आपण समजतो सोलापुरात जगाला सांगण्यासारखं काय आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन बघा. विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत, १० हजार घरं, आणि तिथंच असंघटित कामगारांची ३० हजार घरांची रे नगर वसाहत, त्यातली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली. कामगारांनी संघटना करून, स्वतःचा हिस्सा भरून, सरकारकडून जमवून एवढी घरं उभी केली, ही गोष्ट ढाक्याच्या गारमेंट कामगारांना किंवा घानातल्या अक्राच्या बाजारातल्या बायकांना मंत्र्याच्या भाषणापेक्षा हजारपट कामाची आहे. तिथं पाणी कसं येतं, कामाच्या ठिकाणी जायला बस आहे का, हप्ते किती उरलेत, चांगलं-वाईट दोन्ही लिहायचं. चीनमध्ये युद्धात जखमींवर उपचार करणाऱ्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची गोष्ट तिकडं आपल्यापेक्षा जास्त लोकांना माहीत असेल, पण ते ज्या गल्लीत वाढले ती गल्ली आज कशी आहे हे त्यांना कोण सांगणार, आपणच. आणि आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषा घराघरात बोलतात, तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातला एखादा पोरगा तेलुगूत रेकॉर्ड करून देईल, तसा माणूस प्रत्येक गल्लीत आहे.

लिहिताना परक्या माणसाला डोळ्यासमोर ठेवा. क्विंटल म्हणजे १०० किलो असं एकदा लिहा. रुपये आणि डॉलर दोन्ही द्या. लाख-कोटी बांगलादेश-नेपाळात कळतात, केनियात कळत नाहीत. ज्याचं नाव छापणार त्याला विचारा, हे परदेशात जाणार आहे चालेल का म्हणून, मार्केट यार्डातला हमाल असला तरी विचारा.

ऑडिओचं थोडक्यात. फोनवर रेकॉर्ड करा पण पंखा बंद, दार बंद, समोर चादर टांगा, सोलापुरात चादर कमी नाही आणि आवाजाचा घुमारा तिनं खरंच मरतो. मोनो, १२८ केबीपीएस एमपीथ्री ठेवला तर एका मिनिटाला साधारण १ एमबी होतो, आठ मिनिटांचं बुलेटिन ८ एमबी, खेड्यातल्या नेटवरही उतरतं. दुसऱ्या देशात रेडिओवाल्याला पाठवायचं असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोट म्हणून नाही, आणि सोबत कोण बोलतंय, कधीचं, कुठलं, किती सेकंद हे लिहा. त्याशिवाय कुणी लावत नाही.

कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे एखाद्या संस्थेनं आपल्या भागापुरत्या चालवलेल्या छोट्या रेडिओवर, लावायचा विचार असेल तर नियम बघून. आपल्याकडं कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या तशाच किंवा स्थानिक भाषेत उतरवून लावता येतात. पण हवामान, सण-उत्सव, परीक्षा अशी माहिती बातमी धरत नाहीत, शेतीवरचे कार्यक्रम करता येतात. तेव्हा पाबनाचा शेतकरी कांदा कसा साठवतो हा कार्यक्रम होऊ शकतो, त्यांच्या सरकारनं काय ठरवलं ही बातमी नाही. इथून जवळच तेलंगणात झहीराबादकडं माचनूरला दलित बायका २००८ पासून संगम रेडिओ चालवतात, एकदा जाऊन बघा, त्यांच्याकडं बियाण्यांवर जे कार्यक्रम होतात ते दुसऱ्या देशांतले लोक येऊन ऐकून गेलेत. आणि इंटरनेटवर बातम्या देणार असाल तर २०२१ चे आयटी नियम एकदा वाचून घ्या.

शेवटी चूक सुधारणं, कारण चूक होतेच. बंगाली अंकातला चार आपल्या डोळ्याला अगदी इंग्रजी आठसारखा दिसतो, आणि बंगाली सात इंग्रजी नऊसारखा. आमच्यातल्या एकानं स्क्रीनशॉटवरून भाव वाचला आणि बुलेटिनमध्ये गेलं की तिकडं कांदा ८० टका, तो होता ४०. वर तिथला घाऊक भाव मणावर असतो, मण ते साधारण ४० किलोचा धरतात, आणि आम्ही एका ठिकाणी तो क्विंटल समजून हिशोब केला होता. रात्री लक्षात आलं. तेव्हाच दुसरी ऑडिओ केली, पहिलं वाक्यच हे की संध्याकाळी सांगितलेला ढाक्याचा भाव चुकीचा होता, बरोबर भाव हा, आणि ज्या ज्या ग्रुपवर पहिली गेली होती त्या सगळ्यांवर टाकली, ढाक्याच्या माणसाला पण कळवलं. बार्शीकडच्या एका शेतकऱ्यानं सकाळचा माल थांबवायचं ठरवलं होतं, त्याला फोन लावला, साडेदहा वाजले होते, त्यानं उचलला आणि म्हणाला बरं झालं सांगितलं, गाडी भरतो. तेव्हापासून बंगाली पानावरचा आकडा दोघांनी वेगवेगळा वाचायचा, वहीत लिहायचा, जुळला तरच रेकॉर्ड करायचा.